उस्तादांच्या नावाची मूठ

मार्केटात मला सगळे फौजी म्हणतात. माझं खरं नाव फार थोड्यांना ठाऊक आहे. आणि आता मी जे लिहायला बसलो आहे ते तर कुणालाच ठाऊक नाही — दादाला नाही, वहिनीला नाही, मायला तर नाहीच नाही. देवापुढे हात जोडले की मी घाईघाईनं दुसरंच काहीतरी मागतो आणि निघतो, तिथेही हे कधी ओठांवर आलेलं नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्यापुढे धीर करतोय. पुरेल का धीर? बघू.

सुरतेत पर्वत पाटियाजवळच्या एका कापड मार्केटात मी साड्यांच्या घड्या घालतो, पार्सलं बांधतो. गाव अमळनेरकडे, राहायला नवागामला, दादाच्या घरात. शिक्षण कसंबसं दहावी. मला कामावर घेताना शेठनं काही विचारलं नाही. हिशेब लिहिणाऱ्या मेताजीला एवढंच म्हणाला, "फौजी छे, चोरी नइ करे." झालं, लागलो कामाला. पंधरा ऑगस्टला आमच्या गल्लीतल्या झेंड्याची दोरी माझ्या हातात देतात. रिक्षावाला कधी कधी पैसे घेत नाही.

मला लोकांचे उपकार फार जड वाटतात. कुणी पाण्याचा पेला पुढे केला तरी दिवसभर वाटत राहतं, याची फेड कशी करू? आणि ज्या माणसाचे उपकार सगळ्यांत मोठे, त्याचंच मी — थांबा. असं एकदम नाही जमणार. आधी भीतीचं सांगतो. भीती खरी होती. तेवढं तरी खरं होतं.

मी बॉर्डर पाहिलेली नाही. लोक विचारतात, "फौजी, बॉर्डरवर थंडी कशी असते?" आणि मी सांगतो, हाडं गोठतात. आमचं युनिट एका शहराला लागून असलेल्या छावणीत होतं. गेटबाहेर संध्याकाळी पाणीपुरीची गाडी लागायची. ट्रेनिंग मी चांगलं पार केलं होतं, पळण्यात तर पुढे होतो. पोस्टिंग झाल्यावर वर्षभरानं एक दिवस सकाळच्या हजेरीला उभा होतो, माझं नाव पुकारलं — आणि मला "हाजिर" म्हणता येईना. छातीवर कुणी ओलं गोणपाट टाकावं तसं झालं. हात मुंग्यांनी भरले. मला वाटलं, मी आता इथेच मरतो.

मेलो नाही. पण दुसऱ्या आठवड्यात पुन्हा तेच. मग मेसच्या रांगेत. मग न्हाव्यापुढे बसलो असताना. मग पुढचं कधी होईल याचीच भीती. झोप गेली. कशाची भीती वाटते? — हे मला कुणी विचारलं तर काय सांगणार? कशाचीच नाही. कुणी गोळी झाडली नव्हती, कुणी मारलं नव्हतं. ज्या वाघाला घाबरायचं तो वाघच नाही, आणि मी थरथरतोय. याची लाज भीतीपेक्षा मोठी होती.

आमचे हवालदार साताऱ्याकडचे. त्यांना आम्ही उस्ताद म्हणायचो. नाव लिहीत नाही. त्यांच्या नावाचं मी जे केलं ते पुरे झालं. मी खान्देशातला म्हणून ते मला 'भरीत' म्हणायचे. "ए भरीत, जेवलास का रं?" अशी हाक सगळ्या बराकीत घुमायची. माझं बिघडलंय हे पहिल्यांदा त्यांनी ओळखलं. म्हणाले, "तुला काय होतंय ते मला कळंना. पर होतंय, हे दिसतंय."

छाती भरून आली की ते मला मैदानाच्या कडेनं चालवायचे. म्हणायचे, "बोल काहीतरी. वांगी कशी भाजत्यात ते सांग." मी सांगायचो — कापसाच्या काड्यांवर भाजायची, साल काढायची, हिरवी मिरची आणि लसूण वेगळा ठेचायचा, कांद्याची पात वरून. ते मध्येच खोडी काढायचे, "आमच्यात शेंगदाण्याचं कूट घालत्यात." मी म्हणायचो, "मग ते भरीत नाही, उस्ताद." तोवर श्वास जागेवर आलेला असायचा. किती वेळा त्यांनी तेच भरीत ऐकलं असेल? कंटाळले नाहीत कधी.

एकदा हत्यार घेऊन ड्यूटीवर उभा असताना माझ्या मनात आलं, हे सगळं थांबवायची वस्तू माझ्या हातातच आहे. तो विचार मी दुसऱ्या कुणालाच सांगू शकलो नसतो. उस्तादांना सांगितला. त्यांनी आरडाओरड केली नाही. हातातलं हत्यार काढून घेतलं, मला स्वयंपाकघरात भाज्या चिरायला बसवलं आणि स्वतः शेजारी बसून राहिले. मग डॉक्टरकडे नेलं. तिथून मला मोठ्या लष्करी हॉस्पिटलात पाठवलं, मनाच्या आजाराच्या वॉर्डात. गाडीत बसताना उस्ताद म्हणाले, "तिथं सांग सगळं. घरी जायचं म्हण. नोकरीपेक्षा जीव मोठा, भरीत."

आता बघा. एवढं केलेल्या माणसाबद्दल मला काय सांगायचंय?

वॉर्डात एक हरियाणाकडचा शिपाई माझ्या शेजारच्या खाटेवर होता. तो माझी टर उडवायचा. "माँ मरी तेरी? नहीं. बीवी भागी? शादी ही नहीं हुई. किसी ने मारा? वो भी नहीं. तो फिर हुआ क्या है तेरे को, हीरो? ऐसे कोई छोड़ेगा क्या?" बाकीचे हसायचे. मीही हसायचो. रात्रंदिवस तेच डोक्यात — कारण पाहिजे. कारणाशिवाय सोडणार नाहीत. कामचोर म्हणतील, परत पाठवतील, पुन्हा हातात हत्यार येईल.

मग युनिटातून एक साहेब आले. अशा पेशंटबद्दल युनिटनं आपलं म्हणणं लिहून द्यावं लागतं, त्यासाठी. साहेब तरुण होते, वाईट नव्हते. त्यांनी विचारलं, "कोई तंग करता है तुम्हें? डरो मत. बताओ."

मी म्हणालो, "हवालदार साहब."

बघा, लिहिलं.

मी म्हणालो, ते मला पट्ट्यानं मारतात. जेवण बंद करतात. रात्री सामान डोक्यावर घेऊन उभं करतात. यातलं पट्ट्याचं मी वॉर्डातल्या दुसऱ्याकडून ऐकलेलं होतं, जेवणाचं माझ्या मनानं घातलं. साहेब लिहीत गेले आणि मी सांगत गेलो — आणि तुम्हाला एक सांगू? त्या वेळी माझी छाती हलकी झाली. माझ्या भीतीला अखेर एक चेहरा मिळाला होता. वाघ नव्हता, मी वाघ दाखवला.

पण उस्तादच का? युनिटात खरोखर हात उचलणारे एक-दोघं होते. त्यांचं नाव का नाही घेतलं? याभोवती मी वर्षानुवर्षं फिरतोय आणि उत्तर एकच येतं. त्यांचं नाव घेतलं असतं तर त्यांनी मला नंतर गाठून फोडलं असतं. उस्ताद तसं काही करणार नाहीत, याची मला खात्री होती. ते चांगले होते म्हणून मी त्यांना निवडलं.

काही दिवसांनी मला चौकशीला युनिटात नेलं. टेबलापलीकडे साहेब, अलीकडे मी, आणि बाजूला उस्ताद — डोक्यावर टोपी नाही, कमरेला पट्टा नाही. चौकशीत उभ्या केलेल्या माणसाला तसंच आणतात. मला ते माहीत नव्हतं. मी सांगितलेलं सगळं साहेबांनी वाचून दाखवलं. उस्तादांनी आधी साहेबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे वळले आणि मराठीत बोलले. "मी तुला कधी हात लावला का रं? माझ्याकडं बघून सांग."

साहेब ओरडले, "हिंदी में बोलो!"

उस्ताद हिंदीत काही बोलले नाहीत. मी फरशीकडे बघत होतो. साहेबांनी मला विचारलं, "जो लिखा है, सही है?" मी म्हणालो, "जी साब."

एवढंच झालं. एवढ्यात झालं.

हॉस्पिटलात परत आल्यावर आमच्या वॉर्डाच्या डॉक्टर मॅडमनी मला बोलावलं. मी त्यांना आधी फक्त झोपेचं, छातीचं, त्या हत्याराच्या विचाराचं सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, "तुम्हारा बोर्ड तो मैं पहले ही लिख चुकी थी. बीमारी है, बेटा. इसमें वजह नहीं लगती."

बोर्ड म्हणजे आजारपणावरून फौजेतून सोडायचा कागद. समजलं ना तुम्हाला? मला घरी पाठवायचं आधीच ठरलं होतं. जे खरं मी सांगितलं होतं तेच पुरेसं होतं. उस्तादांचं नाव कशालाच लागणार नव्हतं.

त्या क्षणी मी म्हणू शकलो असतो — मॅडम, मी खोटं बोललो. दार उघडं होतं, त्या ऐकणाऱ्या होत्या. कागद पूर्ण होईपर्यंत मी तिथे बरेच दिवस होतो. रोज सकाळी त्या खाटेपाशी यायच्या, "नींद आई?" विचारायच्या. रोज मी म्हणायचो, "जी, आई." खोटं बोललो म्हणून शिक्षा करतील, ठेवून घेतील, घरी जाणं राहील — या धाकानं मी गप्प राहिलो. पहिल्या वेळी मी आजारी होतो असं कुणी म्हणेल. या गप्प राहण्याला काय म्हणेल? गोळ्यांनी तेव्हा मला झोप लागायला लागली होती. मी शांत डोक्यानं गप्प होतो.

सुटलो, घरी आलो. नवागामच्या गल्लीत ज्यांनी भरती झालो तेव्हा डीजे लावून माझी मिरवणूक काढली होती, ते सगळे दारात. काय सांगणार? डोक्याचं बिघडलं म्हणून? आमच्याकडे डोक्याचं बिघडलं म्हणजे एकच शब्द, आणि तो एकदा चिकटला की दादाच्या पोरींच्या सोयरिकीपर्यंत जातो. मी म्हणालो, गुडघा. डोंगरात पडलो, गुडघ्याची वाटी सरकली. मायनं विचारलं, "मंग तठून तुले कोनी आनं रे?" आणि मी, काय सुचलं कोण जाणे, म्हणालो, "उस्तादांनी. खांद्यावर टाकून आणलं. ते नसते तर मी जिवंत नसतो."

याला मी खोटं म्हणू की खरं? ते नसते तर मी जिवंत नसतो — हे तर खरंच होतं. म्हणूनच ते तोंडातून इतकं सहज निघालं.

तेव्हापासून मी घरात लंगडतो. आठवण राहिली की. वहिनी एकदा भाकरी थापता थापता म्हणाली, "भाऊजी, आज पाय बदली टाका का? काल तं दुसरा लंगडे." मी हसण्यावारी नेलं. झोपेच्या गोळ्या अजून चालू आहेत, त्या गुडघ्याच्या म्हणून घेतो.

आता कानबाईचं सांगतो, म्हणजे तुम्हाला कळेल मी कशात अडकलोय.

आम्हा खान्देशी लोकांत श्रावणात कानबाई देवी बसवतात. गाव सुटलं, पण सुरतेतही ती सुटलेली नाही. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू काढायचा, तो दळायचा, त्याचे रोट करायचे. तो रोट फक्त भाऊबंदांनी खायचा. शेजारी कितीही जिवाभावाचा असो, त्याला देत नाहीत, पानात उरलेला तुकडासुद्धा बाहेर टाकत नाहीत. आणि ज्याच्या नावाची मूठ पडली, तो घरचा.

मी परतलो त्या श्रावणात मायनं दादाची मूठ काढली, माझी काढली, आणि पुन्हा हात गव्हात घातला. म्हणाली, "ही तुना उस्तादनी."

चुलतकाका भिका आप्पा समोर बसले होते, मायवर एकदम भडकले. "वहिनी, ज्यानं गोत माहीत नई त्यानी मूठ कशी टाकस तू? उद्या शेठनी बी टाकशी!"

सगळे हसले. माय हसली नाही. "ज्यानी मना पोऱ्याले जिता धाडा तो मना भाऊ शे, आप्पा. कानबाई मायले मी सांगसू." आणि मूठ टाकली.

मी तिथेच बसलो होतो. तोंड उघडायचं होतं, उघडलं नाही. रोट झाले तेव्हा उस्तादांच्या वाट्याचा कोणी खायचा, हा प्रश्न आला. माय म्हणाली, "तू खाय. तुले पोचना म्हंजे त्याले पोचना." मी खाल्ला. दरवर्षी खातो. तो घशाखाली कसा उतरतो ते मी लिहू शकत नाही, शब्द नाहीत माझ्याकडे तेवढे.

मध्ये एकदा माझ्या बॅचच्या एका मुलाचा फोन आला, लातूरकडचा. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाला, "उस्ताद रिटायर झाले, माहितीये का? हवालदार म्हणूनच गेले. नायब सुभेदारी त्याच साली यायची होती, पण कागदावर शिक्षेची लाल एंट्री बसली तुझ्या केसची. मग वय निघून गेलं." पुढे म्हणाला, "नंबर पाठवतो. बोलायची छाती असली तर बोल." नंबर आला. मी तो 'उस्ताद' नावानं ठेवला, आणि कधी लावला नाही. पुसलाही नाही. का ठेवला? लावणार होतो का मी? नाही. मला वाटतं, ठेवणं म्हणजेच काहीतरी केलं, असं मी स्वतःला दाखवत होतो.

या श्रावणात कानबाईच्या रविवारी घर भरलं होतं. भाऊबंद दाटीवाटीनं बसलेले, बायका गाणी म्हणत होत्या. भिका आप्पांनी नेहमीची कुरकुर काढली — "वहिनी, इतला सालनी मूठ टाकस, तो माणूस शे तरी का कोठे?" कुणीतरी फोटो काढायला माझा फोन घेतला होता. तो वहिनीच्या हातात गेला, आणि ती एकदम म्हणाली, "भाऊजी, उस्तादना नंबर तं शे ना तुमना फोनमा! कधी सांगं नई!"

मी उठेपर्यंत तिनं लावला होता. स्पीकरवर. सगळ्यांना ऐकू यावं म्हणून बायकांना गप्प केलं.

"कोण?" तोच आवाज. जरा थकलेला.

मायनं फोन दोन्ही हातांत धरला, प्रसाद धरतात तसा. माझं नाव सांगितलं, मी त्याची माय म्हणाली. मग ती आपली सांगतच राहिली, "भाऊ, मी दर साल तुमनी मूठ टाकस. तुम्ही मना पोऱ्याले खांदावर लई उनात. मी तुमले इसरनार नई."

मग उस्तादांनी विचारलं, "झोप लागती का त्याला आता?"

"लागस. पन गुडघा फार दुखस त्याना."

"गुडघा?"

"हा ना. तोच, डोंगरमा पडना तो."

मी भिंतीला टेकलो होतो. मला वाटलं, आता ते सांगतील. सांगावं, असंही वाटलं — त्यांच्या तोंडून झालं म्हणजे माझ्या तोंडून नको. किती हलकट विचार, नाही?

उस्ताद म्हणाले, "आई, मी काय केलं ते मी कसं सांगू? तुमच्या पोराला विचारा. तो बसलाय ना तिथं? त्याला विचारा."

माय माझ्याकडे वळली. "काय म्हनतस रे त्या? तुले इचार म्हनतस." घरातला एकेक माणूस माझ्याकडे बघत होता. फोन तिच्या तळहातावर चालू होता, मला त्याचा उजेड दिसत होता. ते ऐकत आहेत, हे मला ठाऊक होतं. त्यांनी दार उघडून धरलं होतं माझ्यासाठी, मी नुसतं आत यायचं होतं.

मी म्हणालो, "माय, उस्ताद असेच आहेत. केलेलं कधी स्वतःच्या तोंडानं सांगत नाहीत."

"वा रे माणूस!" असं भिका आप्पाच म्हणाले. बायका चुकचुकल्या कौतुकानं. मायच्या डोळ्यांत पाणी आलं.

फोनमधून आवाज आला, "बरं." एवढंच. मग त्यांनी कापला.

त्याला आता महिने झाले. मी त्यांना फोन केलेला नाही. त्यांनीही केलेला नाही. त्यांच्या घरच्यांना त्यांनी त्या लाल एंट्रीचं काय सांगितलं असेल, त्यांच्या गावात लोक काय बोलत असतील, हे मी विचारलेलं नाही. मायला मी काही सांगितलेलं नाही. उद्या सांगेन, असंही म्हणत नाही — तसं मी स्वतःला फार वेळा म्हणून झालंय. उस्तादांनी मला मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही, रात्री उभं केलं नाही. ते सगळं मी बनवलं होतं.